वाणाची सही

"मालनवहिनी, उद्या दुपारी आमच्याकडं हळदीकुंकू हाय. नक्की यायचं बरं का!" सरपंचांच्या धाकट्या जावेने अंगणातूनच सांगितलं आणि ती पुढच्या घराकडे वळली.

मी पडवीत बसले होते आणि माझ्या मांडीला मांडी लावून गोजरामामी बसली होती. दोघी मिळून तिळाचे लाडू वळत होतो. पाक गार व्हायच्या आत वळायचे, म्हणून हात भराभर चालले होते. बोलावणं करणारीची नजर माझ्यावर आली आणि मामीच्या डोक्यावरून सरळ पलीकडे गेली. तिचीही चूक नव्हती म्हणा. हळदीकुंकवाचं बोलावणं सवाष्णींना असतं, आणि मामीचा ज्ञानूमामा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"लाडू मातुर झ्याक झाल्यात," मामी म्हणाली. "खाताना कोण इचारत न्हाई, सवाष्णीनं वळलं का रांडमुंडीनं."

"मामी, काय बोलता हे!"

"खरं ते बोलले. वळ तू. पाक आळतोय."

मामी अशीच होती. दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल वाईट बोलायच्या आधी ती स्वतःच बोलून मोकळी व्हायची. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. आमची कारळवाडी डोंगराच्या कुशीत, पाऊस धो धो. आदल्या श्रावणात मामीच्या मातीच्या घराची मागची भिंत रात्रीतून बसली आणि ती भिंतीखाली सापडली. जिवानिशी वाचली, पण खुब्याचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. एक पाय आखूड झाला. काठी टेकत अंगण ओलांडायचं तरी तिला धाप लागायची. पोटी मूलबाळ नाही, दीर-जाऊ मुंबईला. शेजारीण म्हणून मी तिला माझ्या पडवीत आणलं.

आमचंही घर एका खोलीचं. ती अंघोळीला बसली की मी साडीचा आडोसा धरून उभी राहायचे आणि रस्त्याने कुणी जाताना दिसलं की ती अंग चोरून गप्प बसायची. तिने कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "मालन, मला म्हाल नको. आतनं कडी घालता येईल असं एक दार पायजे, बास." तेव्हापासून मामीला घर मिळवून द्यायचं हे माझ्या डोक्यात बसलं, आणि माझ्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की घरचे लोक आधीच हात टेकतात.

गावाला घरकुलं मंजूर होत होती. यादी पक्की होणार होती सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, म्हणजे हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी. त्या यादीत मामी नव्हती. म्हणून त्याच आठवड्यात मी पंचायतीत जाऊन ग्रामसेवकांसमोर उभी राहिले होते. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता.

"भाऊसाहेब, गोजरामामीचं नाव का नाही?"

"सुचवलं होतं हो. पण आबा म्हणाले…"

"सरपंच कुसुमवहिनी आहेत ना? मग आबा मधेच कुठून आले?"

भाऊसाहेब वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. जालिंदर आबा म्हणजे कुसुमवहिनींचे यजमान. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा वहिनी खुर्चीवर बसल्या आणि कारभार आबांनी केला. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वहिनी सही करायच्या तेवढ्या.

"आबांचं म्हणणं असं," भाऊसाहेब शेवटी बोलले, "की म्हातारी एकटी आहे, पायाने अधू आहे. तिच्यामागे वारस नाही. तिला घर बांधून द्यायचं आणि चार वर्षांनी त्यात कोंबड्या नांदायच्या. त्यापेक्षा बंडाला द्यावं, त्याचा संसार वाढता आहे."

बंडा म्हणजे आबांच्या जीपचा ड्रायव्हर.

"बंडाचं स्लॅबचं घर आहे की!"

"ते त्याच्या वडिलांच्या नावावर आहे."

"आणि मग आम्ही बोलायचं कुठं?"

"महिला सभेत बोलायचं," भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले. मला तिथून एकदाची घालवावी एवढंच त्यांच्या मनात असणार. "ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा होते. तिने शिफारस केली की ती ग्रामसभेपुढे ठेवावीच लागते. नाकारायची तर कारण लिहावं लागतं."

"अशी सभा असते? आपल्याकडे कधी झाली?"

"दरवर्षी होते की. तुम्हीही असता."

"मी?"

"सही असते ना तुमची…" असं म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

मी आठवायला लागले. भाऊसाहेबांसमोर मी सही करते ती एकाच ठिकाणी, सरपंचांच्या घरच्या हळदीकुंकवाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं, पण सरपंचांच्या घरचं नेमकं ग्रामसभेच्या आदल्या दिवशी असायचं. दारात भाऊसाहेब टेबल टाकून बसायचे. बाईने सही किंवा अंगठा करायचा, वाण घ्यायचं आणि आत जाऊन बसायचं. वाण कुणाला पोचलं, कुणाला राहिलं, त्याची नोंद, असं ते सांगायचे. आम्ही मनात म्हणायचो, काय हा चोख कारभार! एक वर्ष स्टीलच्या वाटीसाठी सही केली, एक वर्ष गाळणीसाठी. आणि त्या सह्यांवर आमची सभा होऊन जायची.

"मालनताई, कुठं बोलू नका," भाऊसाहेब हात जोडून म्हणाले. "आधीपासून चालत आलंय. मी काय करू?"

"मी कुठं बोलते!" मी म्हणाले. मला ओळखणाऱ्या कुणालाही हे ऐकून हसू आलं असतं.

तर लाडू वळता वळता मी मामीला हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उद्या तुम्ही पण चला."

मामीचा हात थांबला. "कुठं? हळदीकुंकवाला? खुळी झालीस काय?"

"आत यायचं नाही हो. सरपंचांच्या घरासमोर गिरणी आहे ना, तिच्या कट्ट्यावर बसायचं. दळण घेऊन आलाय म्हणायचं."

"आन् तू काय करनार?"

"ते मलाही अजून नीट माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

मामीने पुढचा लाडू वळला, ताटात ठेवला आणि म्हणाली, "जवारी कुठली न्यायची? नवी का जुनी?" मी समजले, मामी येणार.

दुसऱ्या दिवशी मामीला हळूहळू चालवत नेऊन गिरणीच्या कट्ट्यावर बसवलं आणि मी आत गेले. दुपारी सरपंचांचा सोपा बायकांनी भरून गेला. गुडघ्याला गुडघा लागला होता. नव्या साड्यांचा वास, काकणांचा आवाज आणि एकमेकींच्या साड्यांना हात लावून भाव विचारणं चाललं होतं. कुसुमवहिनी खाली मान घालून एकेकीला हळदकुंकू लावत होत्या. त्या वर्षी वाणाला प्लॅस्टिकचे झाकणाचे डबे होते. दारात भाऊसाहेब होतेच. मी सही केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मागल्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. त्या दारामागे आबांची आई, बायजाआत्ती, बसलेली असायची. एरवी त्या घरात आत्तीच्या शब्दाशिवाय चुलीवर तवा चढत नसे. संक्रांतीचे लाडू, फुटाणे, डब्यांची निवड, सगळी तिची. पण आबांचे वडील वारल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागल्या खोलीत जाऊन बसायची आणि शेवटची सवाष्ण घराबाहेर पडेपर्यंत तिचा फक्त खोकला ऐकू यायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही कुणी त्या दाराकडे बघतही नव्हतो.

सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि उखाणे सुरू झाले. कुणी महादेवाच्या पिंडीवर बेल वाहिला, कुणी चांदीच्या वाटीत केशर घोटलं. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. "मालन, नाव घे! नाव घे!"

मी उभी राहिले.

"माझ्या नवऱ्याचं नाव गावाला पाठ आहे," मी म्हणाले. "आज दुसरंच नाव घेते. गोजराबाई ज्ञानू येवले. ह्या बाईला घरकुल मिळावं असं मी ह्या सभेत मांडते."

"कसली सभा?" छबू ओरडली. छबू तोंडाने माझ्याहून सवाई. तिचं घर वरच्या आळीला होतं म्हणून आमची मैत्री टिकली.

"महिला सभा. तू आत्ता सही केलीस ना, ती डब्याची नव्हती. सभेची होती. खोटं वाटत असेल तर भाऊसाहेबांना विचार."

सगळा सोपा भाऊसाहेबांकडे वळला. एवढ्या बायका एकदम आपल्याकडे बघताहेत असा प्रसंग त्या माणसावर लग्नातसुद्धा आला नसेल.

"म्हंजी गेल्या वर्षीची सही?" छबूने विचारलं.

"ती पण… सभेचीच."

"मग मी काय बोलले गेल्या वर्षी?"

भाऊसाहेबांनी घाम पुसला. "तुम्ही… दारूबंदीच्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं."

"मी? दारूबंदीला?" छबू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग ते दुकान अजून चालू कसं? आन् माझा नवरा रोज कुठनं झोकांड्या देत येतो?"

"आणि मी काय म्हणाले?" तिच्या शेजारच्या बाईने विचारलं.

"तुम्ही पाणीपुरवठ्याबद्दल समाधान व्यक्त केलं."

"समाधान! उन्हाळाभर टँकरच्या मागं पळून माझ्या टाचा फुटल्या, आन् समाधान!"

मग जो कालवा झाला तो विचारू नका. आपण न बोलताच किती बोललो आहोत हे जिला तिला कळायला हवं होतं. एकीने शाळेच्या कुंपणाचं कौतुक केलं होतं. शाळेला कुंपण नव्हतं. मला हसूही येत होतं आणि अंगाचा संतापही होत होता.

आवाज ऐकून आबा अंगणातून आत आले. भरदार माणूस, बोलणं मात्र कायम मऊ.

"काय मालन, काय चाललंय? बायांचा सण हाय, हसू-खेळू द्या की. सभा-बिभा काय न्हाई हितं."

"आबा, मग सह्या कशाच्या घेतल्या?" मी विचारलं. "सभा नसेल तर भाऊसाहेबांनी ती पानं आत्ता फाडावीत, आमच्यासमोर. आणि उद्या ग्रामसभेत सांगावं की महिला सभा झाली नाही."

आबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आबा, तालुक्याला सभेची नोटीस गेलीय. नाही झाली म्हणता येणार नाही."

आबा हसले. ते हसले की मला भीती वाटायची.

"बरं, सभा तर सभा. पर जिच्या घराचं बोलताय ती बाई कुठं हाय? तिला नको का इचारायला? बोलवा की गोजराबाईला. माझं दार मोकळं हाय."

आबांनी बरोबर नस पकडली होती. कुसुमवहिनींच्या हातात करंडा तसाच राहिला. एकदोघींनी डोळे खाली केले. हळदीकुंकवात विधवा बाई येऊन बसणार, हे म्हणायला कुणाची जीभ उचलेना आणि येऊ नये असं म्हणायचीही लाज वाटत होती. आबांना तेच हवं होतं.

मी तडक बाहेर गेले. मामी गिरणीच्या कट्ट्यावर दळणाचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मामी, चला आत."

"न्हाई."

"आबांनी स्वतः बोलावलंय."

"त्यानं बोलावलं म्हंजी झालं व्हय?" मामीचा आवाज घट्ट होता. "वरसाचा सण हाय बायांचा. उद्या कुणाच्या घरी काय इपरीत घडलं तर माझ्यापायी घडलं म्हनतील. आन् त्यांनी न्हाई म्हनलं तरी मी म्हनीन. मी न्हाई यायची, मालन. घर नको मला."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! रस्त्यात उभी राहून मी तिच्याकडे बघत होते. घर तिला हवं होतं, आणि ते देणारी सभा अशा जागी भरली होती जिथे तिचं पाऊल पडणं तिला स्वतःलाच पटत नव्हतं. आणि तेवढ्यात मला वाटलं, मामी आत येत नाही ना? न येऊ दे. ती सभा काय त्या फरशीला चिकटलेली आहे?

मी परत आत गेले आणि सोप्यात अंथरलेल्या जाजमाचं एक टोक धरलं. "उठा गं बायांनो. सभा बाहेर घ्यायची आहे, गिरणीपुढं."

"म्हंजी?" एकीने विचारलं.

"हळदकुंकू आत झालं. ते झालं, संपलं. आता सभा. सभेला सवाष्ण लागत नाही, मतदार लागतो."

जाजम जड, त्यावर बायका बसलेल्या. माझ्या एकटीच्या ओढण्याने ते तसूभर हलेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग छबूने आपला नवा डबा काखेत मारला आणि जाजमाचं दुसरं टोक उचललं.

"उठा की! का समाधान व्यक्त करायचंय अजून?"

बायका हसल्या आणि उठल्या. एवढंच लागत होतं. हसता हसता सगळ्या बाहेर आल्या आणि गिरणीपुढच्या मोकळ्या जागेत आम्ही जाजम अंथरलं. गिरणीवाल्याने डोकं बाहेर काढून बघितलं आणि गिरणी बंद केली. कायम घरघरणाऱ्या त्या आळीत एकदम शांत वाटायला लागलं. मामी कट्ट्यावरून उठू बघत होती. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"तुम्ही इथंच बसायचं. तुम्ही कुठं गेला नाहीत. सभा तुमच्याकडे आलीय."

दळणाचं फडकं तिने तोंडाशी धरलं.

आणि मग जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. आळीतली दारं उघडायला लागली. गिरणीवाल्याची म्हातारी आई बाहेर आली. सुताराची तरणी भावजय आली, जिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून गेला होता. एरवी हळदीकुंकवाच्या दिवशी दाराआड उभं राहून आमच्या साड्या बघणाऱ्या या बायका. आल्या आणि जाजमाच्या कडेला अवघडून बसल्या. छबू सरकली आणि तिने सुताराच्या भावजयीला ओढून आपल्याजवळ घेतलं.

"भाऊसाहेब, ह्यांच्या सह्या राहिल्यात," ती म्हणाली. "आन् वाण बी."

आबा दारात उभे होते. चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. "हे बगा, माझं गोजराबाईशी वैर न्हाई. पर इचार करा. एकली बाई, थकलेली, पायानं अधू. मागं ना लेक ना सून. सरकारचं घर तिला देऊन वाया घालवायचं, का पोराबाळांच्या मानसाला द्यायचं?"

खरं सांगते, त्यांचं बोलणं हिशेबी वाटत होतं आणि त्यातलं नेमकं काय सलतंय ते मला शब्दात धरता येत नव्हतं.

"जालिंदर, सरक जरा."

आबा दचकून बाजूला झाले. त्यांच्या मागून बायजाआत्ती बाहेर आली. तिच्या नवऱ्यामागे हळदीकुंकवाच्या दिवशी ती पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली होती. कुसुमवहिनी लगबगीने तिचा हात धरायला गेल्या, तर तिने हात झटकला. संथपणे चालत ती कट्ट्यापाशी आली आणि मामीच्या शेजारी बसली. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून गावात आलेल्या, असं नंतर कळलं.

"आई, ऊन हाय, आत चल," आबा म्हणाले.

"मी हाय आत. वरसानुवरसं आतच हाय," आत्ती म्हणाली. "लाडू माझ्या हातचं, डबं मी निवडलं, आन् बसायला मागली खोली. मी कधी काय बोलले न्हाई. रीत हाय म्हनून बसले. पर आज तू काय म्हनलास ते आत ऐकलं मी. तिच्या मागं कोन न्हाई म्हनून तिला घर नको म्हनं. घर कुनाला लागतं रं? राहनाऱ्याला का मागनं रडनाऱ्याला?"

"आई, तुला ह्यातलं कळत न्हाई."

"न कळायला काय झालं? तू नसतास तर मला बी हेच म्हनलं असतं का कुनी, म्हातारी हाय, कोंबड्या कोंडा तिच्या घरात?" आत्तीचा आवाज चढला नाही, पण आळीच्या टोकापर्यंत गेला. "जित्ता मानूस हाय, तवर त्याला डोस्क्यावर कौल लागतं. आन् ही सभा बायांची हाय. तू कशापायी उभा हायेस हितं?"

छबूला हसू आवरलं नाही. ती फिसकन हसली आणि मग सगळं जाजम हसलं. आबांनी धोतराचा सोगा उचलला आणि ते घरामागच्या दिशेने निघून गेले. मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या. कुणी बघितलं असेल तर बघितलं.

"कुसुम," आत्तीने सुनेला हाक मारली. "सरपंच कोन हाय?"

कुसुमवहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांचा आवाज मी तोपर्यंत फक्त "या, बसा" एवढाच ऐकला होता.

"मी," त्या म्हणाल्या.

"मग ये हितं आन् इचार."

वहिनी आल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला, करंडा जाजमावर ठेवला. म्हणाल्या, "गोजराबाई येवल्यांना घरकुल मिळावं, असं मालनताईंनी मांडलंय. कुणाकुणाला मान्य आहे?"

हात वर झाले. काकणांचे हात आणि मोकळे हात, सगळे. मामीने फडक्यात तोंड खुपसलं होतं. तिचाही हात आत्तीने धरून वर केला. भाऊसाहेब भराभर लिहीत होते, आणि त्या दिवशी त्यांनी जे लिहिलं ते खरोखर घडलेलं होतं. वहिनींनी सही केली. घराकडे एकदाही बघितलं नाही.

पुढे घर बांधून झालं. मामी त्यात पुष्कळ पावसाळे राहिली. पुढच्या वर्षापासून महिला सभा गिरणीपुढे भरायला लागली आणि दारूचं दुकान नदीपलीकडे गेलं, छबूचा नवराही पाठोपाठ नदीपलीकडे जायला लागला, ते सगळं वेगळंच रामायण आहे. पण मला विचाराल तर त्या घराची वास्तुशांत सव्वीस जानेवारीला, ग्रामसभेतच झाली.

झेंडावंदन उरकून शाळेच्या पटांगणात सभा बसली होती. एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला आम्ही. एवढ्या बायका ग्रामसभेला गावाने कधी बघितल्या नव्हत्या. छबूने आणि मी मामीला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. बायजाआत्ती पहिल्या रांगेत होती. आबा पुरुषांत बसले होते, पण बोलत नव्हते.

भाऊसाहेबांनी महिला सभेची शिफारस वाचली. "निराधार, वृद्ध व अपंग महिला, गोजराबाई ज्ञानू येवले, हिला घरकुल देण्यात यावे."

कुसुमवहिनी उभ्या राहिल्या. "कुणाचा विरोध असेल तर त्यानं उभं राहावं. नाव सांगावं, कारण सांगावं. भाऊसाहेब लिहून घेतील."

कुणी हललं नाही. पुरुषांनी आबांकडे बघितलं. आबांनी आपल्या आईकडे बघितलं आणि ते चप्पल नीट करायला लागले. वहिनींनी अख्ख्या पटांगणावरून नजर फिरवली. त्या "मंजूर" म्हणणार, एवढ्यात आमच्याच बाजूला खुर्ची करकरली.

मामी उठत होती. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. उठायला तिला वेळ लागायचा आणि त्या वेळात सगळी सभा तिच्याकडे बघत राहिली.

"मामी, बसा!" मी कुजबुजले. "विरोध असेल त्यानं उठायचंय!"

"ठावं हाय मला. बहिरी न्हाई मी." ती सरळ झाली. "इरोध हाय माझा."

शेवटच्या घडीला म्हातारी नको म्हणणार, असं मला वाटलं.

"काय विरोध आहे, गोजराबाई?" कुसुमवहिनींनी विचारलं.

"भाऊसायेब, नावाच्या आधी काय वाचलंत?"

"निराधार, वृद्ध व…"

"म्हातारी हाय, कबूल. लंगडी हाय, ते दिसतंयच. पर निराधार कुनाला म्हनता?" मामीने काठी उचलून आमच्या सगळ्या बाजूवरून फिरवली. तेवढा वेळ ती फक्त माझ्या खांद्यावर तोलली होती. "ह्या एवढ्या बाया काय शेतातली बुजगावनी हायेत?"

बायकांत हसू पसरलं. मला मात्र रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही, कारण खांदा हलवायची सोय नव्हती.

"अहो, तो योजनेतला शब्द आहे," भाऊसाहेब अजिजीने म्हणाले. "कागदावर तसंच लिहावं लागतं."

"तुमच्या कागदावर काय बी लिवा. गावाम्होरं वाचू नका. पुन्यांदा वाचा."

भाऊसाहेबांनी कुसुमवहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "वाचा."

त्यांनी चष्मा वर सारला, घसा साफ केला आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल असं वाचलं, "गोजराबाई ज्ञानू येवले. राहणार कारळवाडी."

"आत्ता कसं!" मामी म्हणाली आणि खाली बसली.